शेवट आधी वाचून जा

वाचकाचं पत्र:

नाटकाला मी क्वचितच जातो. गेलो तर विनोदी नाटकाला, तेही कोणी ओढून नेलं तर. माझी भाची एका हौशी नाट्यसंस्थेत प्रकाशयोजना बघते. त्यांनी शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ मराठीत बसवलंय आणि तिने मला दोन पास पाठवलेत. नाही म्हणायची सोय नाही. पण तीन तास, जड भाषा, डझनभर पात्रं आणि शेवटी सगळे मरणार, एवढं ऐकूनच दडपण आलंय. गोष्ट आधी वाचावी का, की मग मजाच जाईल? मागे एका गंभीर नाटकात मला भलत्याच जागी हसू फुटलं होतं आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून असं काही पाहिलं की ते अजून आठवतं. बायको म्हणते, रडायला मुद्दाम तयार होऊन कशाला जायचं? ती येणार नाही. आणि प्रयोगानंतर भाची विचारणारच, ‘मामा, कसं वाटलं?’ काय सांगू? जाता जाता एक. गेल्या वर्षी वडिलांनी घर आणि जमीन आम्हा तिघा भावंडांत वाटून टाकली. तेव्हापासून आमच्यात धड बोलणं नाही. याचा नाटकाशी काही संबंध नाही म्हणा, पण भाचीने गोष्ट दोन वाक्यांत सांगितली तेव्हा मी जरा गप्प झालो.
– एक क्वचित प्रेक्षक

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: वाचा. अख्खी गोष्ट वाचा, शेवटासकट. कोण कधी मरतं, कोण कोणाला फसवतं, सगळं माहीत करून घ्या आणि मग जाऊन बसा.

रहस्यकथेचा नियम शोकांतिकेला लागू पडत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये सोफोक्लिसचं ‘इडिपस’ पाहायला बसलेल्या माणसाला इडिपसने कोणाला मारलंय आणि कोणाशी लग्न केलंय हे घरून निघतानाच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते खुद्द इडिपसला, आणि नाटकाची सगळी जान त्यातच होती. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्ये तर सुरुवातीच्या काही ओळींतच निवेदक सांगून मोकळा होतो की ही दोघं जीव देणार आहेत. लेखकाला स्वतःलाच जे लपवायचं नव्हतं, ते तुम्ही स्वतःपासून कशाला लपवता?

‘लिअर’चा मामला मात्र थोडा वेगळा आहे. लिअर राजाची कथा शेक्सपिअरच्या आधीपासून लोकांना माहीत होती. त्याच विषयावरचं एक जुनं नाटक १६०५ साली छापलंही गेलं होतं. त्या नाटकात शेवटी म्हाताऱ्याला राज्य परत मिळतं आणि धाकटी मुलगी जिवंत राहते. २६ डिसेंबर १६०६ रोजी, ऐन नाताळच्या दिवसांत, शेक्सपिअरचं नाटक इंग्लंडच्या राजासमोर झालं. जुनी गोष्ट माहीत असलेले जे कोणी त्या दरबारात बसले असतील, ते ‘आता सगळं ठीक होणार’ याच समजुतीत असणार. शेक्सपिअरने त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली.

आणि लोकांना ते पचलं नाही. १६८१ मध्ये नेहम टेट नावाच्या कवीने नाटक दुरुस्त करायला घेतलं. त्याने विदूषक उडवला, धाकट्या मुलीला जगवलं, तिचं लग्न लावून दिलं आणि राजाला गादीवर परत बसवलं. हे गोड केलेलं ‘लिअर’ इंग्लंडच्या रंगभूमीवर जवळजवळ दीडशे वर्षं चाललं. मूळ शेवट आणि विदूषक दोन्ही नीट परत आले ते १८३८ साली, मॅक्रेडी या नटाच्या प्रयोगात. अठराव्या शतकातला मोठा समीक्षक सॅम्युएल जॉन्सन याने तर लिहून ठेवलंय की मुलीच्या मृत्यूने तो इतका हादरला होता की नाटकाचं संपादन करायची वेळ येईपर्यंत ते शेवटचे प्रवेश त्याने पुन्हा वाचलेच नाहीत. हे तुमच्या बायकोला जरूर सांगा. नको वाटणाऱ्यांची ही रांग बरीच लांब आहे आणि त्यात भली भली माणसं उभी आहेत.

आता वाचून जायचं ते कशासाठी? पुढे काय होणार ही धाकधूक एकदा संपली, की डोळे दुसऱ्या कामाला मोकळे होतात. ते काम असं: हे कुठे थांबवता आलं असतं, ते शोधत राहायचं. चांगल्या शोकांतिकेत अशा जागा पावलोपावली असतात. दार उघडं असतं, माणूस त्याच्यासमोरून जातो, आणि आत जात नाही. तुम्हाला ते दिसत असतं, त्याला दिसत नसतं. गोष्ट माहीत नसलेल्या प्रेक्षकाच्या हातून यातल्या अर्ध्या जागा निसटतात, कारण तो कोण कोणाचा कोण हे जुळवण्यात गुंतलेला असतो.

तेव्हा ते जुळवाजुळवीचं काम घरीच उरका. डझनभर नावांची धास्ती घेऊ नका, दोन घरं लक्षात ठेवा. एका घरात म्हातारा राजा लिअर आणि तीन मुली: थोरली गॉनरिल, मधली रेगन, धाकटी कॉर्डेलिया. दुसऱ्या घरात म्हातारा सरदार ग्लॉस्टर आणि दोन मुलगे: एडगर आणि एडमंड. दोन्ही बाप एकच चूक करतात. जे मूल आपलं आहे त्याला हाकलतात आणि जे गोड बोलतं त्याच्यावर विसंबतात. एडगर-एडमंडमध्ये सगळ्यांचाच घोटाळा होतो. एडमंडमधला ‘म’ मतलबीचा, एवढं ध्यानात ठेवलंत की झालं. केंट नावाचा एक सरदार पहिल्याच प्रवेशात हद्दपार होतो आणि वेष पालटून नोकर म्हणून राजाकडे परत येतो. त्याचा आवाज ओळखून ठेवा. बाकीचे जावई, दूत, शिपाई आपोआप कळतात.

शिरवाडकरांचं १९७० सालचं ‘नटसम्राट’ तुम्ही रंगमंचावर नाही तरी कुठेतरी पाहिलंच असेल. सगळं मुलांना देऊन मोकळे झालेले अप्पासाहेब बेलवलकर हे याच लिअरचे लांबचे नातलग. त्यामुळे तुम्ही समजता तितके तुम्ही या घरात परके नाही. विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ नावाने या नाटकाचं भाषांतर केलंय. ते हाती लागलं तर पहिला प्रवेश तेवढा वाचून ठेवा. तुमच्या भाचीच्या गटाने दुसरी संहिता घेतली असली तरी फरक पडत नाही, बोलण्याची चाल कानात बसते.

भाषेचं म्हणाल, तर पहिली दहा-पंधरा मिनिटं प्रत्येकालाच जड जातात. रोज नाटकं पाहणाऱ्यांनाही. पल्लेदार वाक्यं एकामागून एक येतात, आपण एक शब्द धरून बसतो तोवर तीन वाक्यं पुढे गेलेली असतात. शब्द धरू नका. कोणाला कोणाकडून काय हवंय, एवढंच बघत राहा. पाव तासाने कान सरावतो. त्याउपर एखादं स्वगत डोक्यावरून गेलं तर जाऊ द्या. वादळाच्या प्रवेशात तर अनेक प्रयोगांत ढगांचा गडगडाट इतका वाढवतात की शब्दच ऐकू येत नाहीत. तिथे काही कळलं नाही तर तो दोष तुमचा नाही. (हे भाचीला सांगू नका. ध्वनी बघणारा बहुतेक तिचा मित्र असेल.)

नाटक मात्र पहिल्या प्रवेशापासून बघा. वीस मिनिटं आधी पोचा, कारण या नाटकात उशिरा आत शिरलेल्या माणसाचं जेवढं नुकसान होतं तेवढं क्वचितच दुसऱ्या नाटकात होत असेल. त्या प्रवेशात राजा नकाशा मागवतो आणि मुलींना विचारतो, सांगा, तुमच्यापैकी कोणाचं माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम? जिचं जास्त तिला मोठा हिस्सा. आता नीट लक्ष द्या. थोरली बोलते, आणि तिचं बोलणं संपताच तो तिचा हिस्सा देऊन टाकतो. मधलीने अजून तोंड उघडलेलं नाही, धाकटी बाकी आहे. स्पर्धा असती तर तिघींचं ऐकून मग निकाल लागला असता. म्हणजे वाटणी आधीच ठरलेली आहे, सर्वांत चांगला तुकडा धाकटीसाठी राखून ठेवलाय, आणि म्हाताऱ्याला फक्त चारचौघांत ते प्रेमाचं बोलणं ऐकायचंय. हा सगळा देखावा एका लाडक्या मुलीच्या तोंडून दोन शब्द ऐकण्यासाठी मांडलेला आहे. आणि ती म्हणते, ‘काही नाही.’

तो तिला लगेच हाकलत नाही, हेही पाहा. ‘पुन्हा बोल’ म्हणतो. ‘जरा सावरून बोल’ म्हणतो. दार दोनदा उघडून धरतो. तिलाही थोडं नमतं घेता आलं असतं. केंट मध्ये पडतो, ‘नीट बघ, लिअर’ असं तोंडावर सांगतो, तेही दारच होतं. त्यावर त्याला तयारीला पाच दिवस मिळतात आणि सहाव्या दिवशी चालू लागण्याचा हुकूम. सगळा मामला काही मिनिटांत आटोपतो. तीन तासांतलं सगळं मरण या काही मिनिटांतून निघतं.

दुसरी जागा दुसऱ्या अंकाच्या शेवटी आहे आणि माझ्या मते ती वादळापेक्षा भयंकर आहे, कारण तिथे कोणी ओरडत नसलं तरी चालतं. राजाने राज्य दिलं पण शंभर स्वार स्वतःकडे ठेवले. थोरली म्हणते पन्नास पुरेत. तो रागाने मधलीकडे जातो. ती म्हणते पंचवीसच आण. तेव्हा हा माणूस थोरलीकडे वळून काय म्हणतो? तुझे पन्नास हे पंचवीसच्या दुप्पट, म्हणजे तुझं प्रेम हिच्या दुप्पट. इतकं होऊनही तो प्रेम मोजतोच आहे! मग मुली मोजायला लागतात. पंचवीस तरी कशाला, दहा कशाला, पाच कशाला? आणि मधली शेवटी म्हणते, एक तरी कशाला? भाव करावा तशी ही बोलणी चालतात. या ठिकाणी नटाचे हात बघा. काही लिअर इथे बोटांवर मोजतात, काहींचे हात नुसते लोंबत राहतात.

पुढचं एक आधीच सांगून ठेवतो, कारण ते अचानक अंगावर येऊ नये. तिसऱ्या अंकाच्या शेवटी म्हाताऱ्या ग्लॉस्टरचे डोळे काढतात. ग्रीक नाटकात असलं काही विंगेत घडतं आणि दूत येऊन सांगतो. इथे ते रंगमंचावर, तुमच्या समोर घडतं. बऱ्याच प्रयोगांत मध्यंतर याच प्रसंगाच्या आगेमागे असतं. बघवलं नाही तर खाली बघा, कोणी तुमची परीक्षा घेत नाहीये. पण कान उघडे ठेवा, कारण त्या खोलीत एक साधा नोकर आहे. त्याला नाटकात नावसुद्धा नाही. आयुष्यभर ज्या मालकाची चाकरी केली त्याच्याविरुद्ध तो तलवार उपसतो आणि मारला जातो. पण जाताना मालकाला जी जखम करून जातो, तिनेच तो मालक पुढे मरतो. राजे-सरदार गप्प असताना दार उघडून आत शिरणारा माणूस हा एवढा एकच.

हसण्याबद्दल. ज्या बाईंनी वळून पाहिलं त्यांना आता सोडून द्या. ‘लिअर’मध्ये विदूषक आहे आणि तो हसवायलाच आहे. राजाला त्याच्या तोंडावर मूर्ख म्हणायची परवानगी फक्त त्याला आहे. तिथे तुम्ही हसला नाहीत तर उलट त्या नटाची पंचाईत. ‘मॅकबेथ’मध्ये राजाचा खून होतो न होतो तोच दारावर एक झिंगलेला पहारेकरी येऊन बाष्कळ बडबड करतो, तेही मुद्दामच. आणि ‘लिअर’मध्ये असाही एक प्रसंग आहे की आंधळा ग्लॉस्टर कड्यावरून उडी मारतोय अशा समजुतीने सपाट जमिनीवरच पडतो. तिथे हसावं की रडावं हे प्रेक्षागृहात कोणालाच कळत नाही. चार जण हसतात, बाकीचे त्यांच्याकडे बघतात. हसू आलं तर येऊ द्या. तिसऱ्या तासाला डोळा लागला तरी बिघडत नाही. चौथ्या अंकात निरोप, पत्रं, सैन्याच्या हालचाली यांचा एक पट्टा आहे, डुलकी तिथेच काढावी. फक्त लिअर झोपेतून जागा होतो तेव्हा तुम्हीही जागे असा.

तो प्रवेश सांगतोच. म्हाताऱ्याला शुद्ध येते आणि समोर कॉर्डेलिया. त्याला आधी ती ओळखूच येत नाही. मग ओळखतो आणि म्हणतो, तुझ्याकडे माझ्यासाठी विष असेल तर दे, पितो. तुझ्या बहिणींनी मला छळलं, त्यांना कारण नव्हतं. तुला कारण आहे. त्यावर ती म्हणते, कारण नाही, काही कारण नाही. पहिल्या प्रवेशातही तिने ‘काही नाही’च म्हटलं होतं. तुमच्या संहितेत शब्द थोडे वेगळे असतील, पण ऐकून बघा.

आणि शेवटच्या प्रवेशातली एक गोष्ट. लढाई हरून लिअर आणि कॉर्डेलिया तुरुंगात आहेत, त्यांना मारण्याचा गुप्त हुकूम गेलाय. इकडे रंगमंचावर द्वंद्वयुद्ध, लफडी उघडकीला येणं, मरताना पश्चात्ताप होणं, असा भरगच्च कार्यक्रम चालू आहे. आपणही त्यात रमतो. केंट येऊन राजाची चौकशी करतो, तेव्हा कुठे मोठ्या जावयाला आठवतं की अरे, मुख्य गोष्ट तर आपण विसरलोच. शब्दशः असंच म्हणतो तो. मग धावपळ, आणि तोवर उशीर झालेला असतो. नियती, देव, ग्रहतारे यांच्याबद्दल नाटकभर पुष्कळ बोलणं आहे. पण कॉर्डेलिया मरते ती, माणसं दुसऱ्याच गडबडीत होती म्हणून. गोष्ट माहीत असेल तर तो सगळा वेळ तुम्ही खुर्चीत चुळबुळत असाल: अरे, तुरुंगाकडे कोणीतरी जा! हीच बैठक हवी.

बायकोचा प्रश्न सोपा नाही. ॲरिस्टॉटलने करुणा आणि भीती यांच्याबद्दल काही लिहून ठेवलंय आणि त्याचा अर्थ काय यावर विद्वान अजून भांडतायत, त्यात आपण पडायला नको. मला एवढंच दिसतं की घरातलं दुःख आपल्याला कधी धड बघता येत नाही. ते येतं तेव्हा फोन करायचे असतात, औषधं आणायची असतात, कोणाला तरी सावरायचं असतं. इथे तुमच्याकडून कोणाला काही नको आहे. तीन तास अंधारात बसून माणसाचं पुरतं वाटोळं होताना शेवटपर्यंत बघता येतं, एवढी सवड एरवी मिळत नाही. तरी वहिनींना यायचं नसेल तर आग्रह करू नका. ओढून आणलेला माणूस शेजारी बसला की निम्मं लक्ष त्याच्या उसाशांकडे जातं. आणि तुम्हालाही रडू आलंच पाहिजे असं नाही. कोरड्या डोळ्यांनी बाहेर पडणाऱ्यालाही नाटक लागलेलं असू शकतं.

आता ते ‘जाता जाता एक’. तुम्ही म्हणता संबंध नाही. भाची सख्ख्या बहिणीची असेल, तर वाटणीतल्या तिघांपैकी एक तिची आई. आई आणि मामा धड बोलत नसताना मुलीने मामाला पास पाठवलेत, तेही नेमक्या या नाटकाचे. तिच्या मनात काही असेलच असं नाही. पण पास तुमच्या दारात आलेत.

तेव्हा एक धोका सांगून ठेवतो. अंधारात बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत आपण भूमिका वाटायला लागतो. हा आपला भाऊ, ही ताई, हे वडील. आणि स्वतःला प्रत्येक जण कॉर्डेलियाची भूमिका देतो. प्रेक्षागृहात चारशे माणसं असली तर चारशे कॉर्डेलिया बसलेल्या असतात, गॉनरिल एकही नाही. ते टाळता येणार नाही, पण उलटून एकदा करून बघा. गॉनरिलचं पहिल्या अंकातलं म्हणणं नीट ऐका. घरात शंभर स्वार, रोजची भांडणं, म्हातारा तिच्या माणसावर हात टाकतो, ज्याला आपण वाढलं-जेवू घातलं तोच चारचौघांत शिव्याशाप देतो. बरा दिग्दर्शक तिला सुरुवातीलाच चेटकीण करत नाही. ती पुढे होते, आणि कशी होते हे बघण्यासारखं आहे. तिच्या जागी बसून एक प्रवेश पाहिलात तर घरच्या भांडणातही दुसऱ्याची बाजू ऐकू येईल, अशी हमी मी देत नाही. नाटकं असली कामं क्वचितच करतात.

आणि त्या रात्री कोणालाही फोन करू नका. वडिलांना नाही, भावाला नाही. नाटक अंगावर असताना बोललेलं बोलणं नाटकाचं असतं, तुमचं नसतं. समोरच्याने नाटक पाहिलेलं नसतं, तो झोपेतून उठलेला असतो आणि त्याला वाटतं, याला आता काय झालं. चार दिवस जाऊ द्या. तरीही करावासा वाटला तर करा, आणि लिअरचं नाव काढू नका.

भाचीला काय सांगायचं? ‘छान होतं’ सोडून काहीही. रंगमंचामागे काम करणाऱ्यांना ‘छान होतं’ इतकं ऐकावं लागतं की ते त्यांच्या कानातून आरपार जातं. नटांची स्तुती तर तुम्ही करूच नये अशी तिची अपेक्षा असेल, तिचे दिवे बघा. वादळात नटाचा चेहरा दिसत होता का? ग्लॉस्टर आंधळा झाल्यावर प्रकाशात काही बदललं का? लिअर जागा होतो तिथला उजेड आधीच्या प्रवेशापेक्षा वेगळा होता का? यातलं एक काहीतरी डोळ्यांत राहील, तेवढंच सांगा. काहीच दिसलं नाही तर तिलाच विचारा की त्या जागी तू काय केलं होतंस. प्रयोग रंगला नसेल, आणि ‘लिअर’ न रंगणं अगदी सहज शक्य आहे, तरी हा प्रश्न चालतो.

दुसऱ्या पासाचं राहिलं. वडिलांना नेऊ नका, ते उघड आहे. एखादा मित्र न्या, किंवा एकटेच जा आणि शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवा. भावाला विचारायचं मनात आलं तर विचारा, पण ‘तुला हे बघायलाच हवं’ असं म्हणून नको. भाचीचा प्रयोग आहे, एक पास जास्तीचा आहे, येतोस का, एवढंच. आला तर त्याला गोष्ट आधी वाचायला सांगा.